बंद कारखान्यांची गाणी

गाण्याची भीती काय असते, हे नाशिककरांना नव्याने सांगावयास नको. ह्याच शहरातील बाबाराव सावरकरांनी १९०८ साली कवितांची एक लहानशी पुस्तिका प्रसिद्ध केली. तीतील चार कवितांवर खटला उभा राहिला आणि जून १९०९ मध्ये त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्याच वर्षीच्या २१ डिसेंबरला विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनचा खून झाला. शिक्षेने पुस्तिका जप्त झाली, प्रकाशक अंदमानात गेला. परंतु पुस्तिकेमागचा क्षोभ जप्त झाला नव्हता, हे गावाने वर्ष संपण्याच्या आत पाहिले.

आज आम्हांला ज्या गाण्यांविषयी बोलावयाचे आहे, त्यांना देशभक्तीचे वलय नाही. ती रॅप नावाची गाणी आहेत. त्यांत शिव्या आहेत, पिस्तुले आहेत, पोलिसांवर सोडलेली जीभ आहे आणि सभ्य माणसाने कानांवर हात ठेवावेत असे पुष्कळ काही आहे. कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या, शाळा अर्ध्यावर सोडून पुढचे सारे शिक्षण वाचनालयात बसून घेतलेल्या माणसाने ह्या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. त्याचे कारण आमच्या हातून घडलेली एक चूक आहे. ती आधी सांगून टाकतो.

काही वर्षांपूर्वी १ मेच्या दिवशी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत आमची द्वारसभा होती. झेंडा झाला, भाषणे झाली, लोक उठण्याच्या बेतात होते. तेवढ्यात अठरा-एकोणीस वर्षांचा एक मुलगा पुढे आला आणि म्हणाला, "काका, पाच मिनिटं द्या. मी लिहिलेलं म्हणतो." त्याचे वडील कंत्राटी कामगार. पावर प्रेसवर त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली होती, आणि अपघाताच्या दिवशी कारखान्याच्या कोणत्याही हजेरीपटावर त्यांचे नाव सापडले नव्हते. मुलाने मोबाइलवर ठेका लावला आणि तो बोलू लागला. चौथ्या-पाचव्या ओळीलाच ठेकेदाराच्या आईचा उद्धार झाला. सभेत बायाबापड्या बसलेल्या. आम्ही उठलो आणि मुलाच्या हातातला माईक काढून घेतला. त्याने वाद घातला नाही. जाताना एवढेच विचारले, "काका, त्या शिवीच्या जागी कोणता शब्द घालू, तेवढं सांगा."

आम्हांला शब्द सुचला नाही. घरी आल्यावरही सुचला नाही. त्या शब्दाच्या शोधात आम्ही ह्या गाण्यांचा इतिहास वाचू लागलो, आणि वाचता वाचता तो आमच्याच धंद्याचा, म्हणजे कारखान्यांचा आणि बेकारीचा, इतिहास निघाला.

रॅप म्हणजे ठेक्यावर बोलणे. सूर थोडा, शब्द फार. शाहीर डफाच्या तालावर पल्लेदार बोल टाकतो, त्याच्या जवळपासची ही रीत म्हणावी. १९७३ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, तबकडीवरील गाण्यातला ठेक्याचाच तुकडा पुनःपुन्हा वाजवून गरीब वस्तीतली पोरे नाचू लागली, आणि त्या ठेक्यावर बोलणारे पुढे आले. पंधरा वर्षांनी, १९८८ मध्ये, अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला लॉस एंजेलिसजवळच्या कंप्टन गावातून एक अल्बम बाहेर पडला. त्याचे नाव 'स्ट्रेट आउटा कंप्टन'. काढणाऱ्या टोळक्याचे नाव एन. डब्ल्यू. ए. त्यांत इझी-ई, आइस क्यूब, डॉ. ड्रे, एम. सी. रेन आणि डी. जे. येला अशी मंडळी. बहुतेक जण नुकतीच विशी गाठलेले किंवा तिच्या आसपासचे. गुंडाच्या तोंडून गुंडाच्या जगाची हकीकत सांगावयाची, अशी त्यांची तऱ्हा. म्हणून त्या प्रकाराला गँगस्टा रॅप हे नाव पडले.

हे कंप्टन काय होते? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि नंतर दक्षिणेकडच्या राज्यांतून लाखो काळे लोक कामासाठी कॅलिफोर्नियात आले. कंप्टनपासून थोड्याच अंतरावर साऊथ गेट नावाचे गाव आहे. तेथे फायरस्टोनचा टायरचा कारखाना होता, जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना होता. अशा ठिकाणी पक्की नोकरी, युनियनचे कार्ड आणि त्या पगारावर घेतलेले छोटेसे घर, एवढ्यावर माणसे उभी होती. फायरस्टोन १९८० साली बंद झाला. जनरल मोटर्सचा कारखाना १९८२ साली बंद झाला. त्या मागोमाग वस्तीत कोकेनची एक स्वस्त जात आली, तिच्या विक्रीसाठी टोळ्या आल्या, टोळ्यांमागे पोलीस आले. एप्रिल १९८८ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी एकाच शनिवार-रविवारी एक हजाराहून अधिक लोकांना धरले. कोणाच्या अंगावर कोणत्या रंगाचे कपडे आहेत, एवढ्यावरूनही त्या काळी पोरे भिंतीला लावून तपासली जात.

१९८२ हे साल श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे. त्याकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

ह्या अल्बममध्ये पोलिसांना उद्देशून एक गाणे आहे. त्याचे नाव येथे उच्चारण्याजोगे नाही. पण त्याची रचना पाहण्यासारखी आहे. गाण्यात एक न्यायालय भरते. काळा पोऱ्या न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसतो, त्याचे साथीदार एकेक करून साक्ष देतात, आणि शेवटी गोरा पोलीस दोषी ठरतो. आपल्याकडे वगात राजाची कचेरी भरते आणि शिपाईच राजाची फिरकी घेतो, तसलाच हा प्रकार. १९६५ साली वसंत सबनिसांचे 'विच्छा माझी पुरी करा' रंगभूमीवर आले, त्यातल्या कोतवालाला आणि हवालदाराला सारा पांढरपेशा महाराष्ट्र पोट धरून हसला. कोणी त्यावरून पोलीस खात्याची बेअदबी झाली असे म्हटले नाही. मग कंप्टनच्या कचेरीत असे काय घडले?

रेडिओने ही गाणी बहुतेक लावलीच नाहीत. संगीताच्या दूरचित्रवाहिनीने शीर्षकगीताचे चित्रण दाखवण्यास नकार दिला. तरी तोंडातोंडी बातमी पसरली आणि १९८९ साल उलटण्यापूर्वीच अल्बमने दहा लाख प्रतींचा टप्पा गाठला. घेणाऱ्यांत खात्यापित्या घरची गोरी मुले पुष्कळ होती. १ ऑगस्ट १९८९ रोजी अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेचा, म्हणजे एफबीआयचा, एक सहायक संचालक मिल्ट अॅलरिक ह्याने वितरक कंपनीला पत्र लिहिले. १९८८ मध्ये कर्तव्यावर असताना ७८ पोलीस मारले गेले, आणि हे गाणे पोलिसांविरुद्ध हिंसेला व अनादराला उत्तेजन देते, असा त्याचा आशय होता. ७८ माणसे गेली हे खोटे नव्हते, आणि त्यांच्या घरचे दुःखही खोटे नव्हते. परंतु त्या पत्रात कंप्टनमध्ये पोलीस काय करतात ह्याची विचारपूस नव्हती. त्याच महिन्यात डेट्रॉइटच्या कार्यक्रमात ह्या मंडळींनी ते गाणे सुरू करताच साध्या वेषातील पोलीस रंगमंचाकडे धावले आणि कार्यक्रम मोडला.

ऑस्ट्रेलियातील हकीकत आम्हां युनियनवाल्यांना अधिक जवळची वाटते. तेथील सरकारी प्रसारण संस्थेचे ट्रिपल जे हे तरुणांचे नभोवाणी केंद्र कित्येक महिने हे गाणे वाजवीत होते. १९९० साली वरिष्ठांनी ते बंद केले आणि त्या बंदीची बातमी गाण्याच्या तुकड्यासह दिल्याबद्दल वृत्तविभागाच्या प्रमुखाला निलंबित केले. कर्मचारी संपावर गेले. त्यांनी ह्याच टोळक्याचे दुसरे एक निरुपद्रवी गाणे लावून दिले. मनातले बोलून दाखव, असा त्याच्या नावाचा अर्थ. आणि ते एकच गाणे चोवीस तास वाजत राहिले. संपाची इतकी सुरेल तऱ्हा आम्ही तरी दुसरी ऐकलेली नाही.

पुढे काय झाले ते जगाला ठाऊक आहे. ३ मार्च १९९१ च्या रात्री लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी रॉडनी किंग ह्या काळ्या माणसाला रस्त्यावर पाडून मारले, आणि शेजारच्या सज्जातून कोणीतरी त्याचे चित्रण केले. २९ एप्रिल १९९२ रोजी ते पोलीस मारहाणीच्या आरोपातून सुटले. शहर पेटले. साठाहून अधिक माणसे मेली. गाण्यामुळे दंगल झाली असे आम्ही म्हणत नाही, आणि गाण्याने ती आधी सांगितली होती असा गौरवही करीत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, तीन वर्षे आधी वस्तीतून एक तक्रार अर्ज आला होता. त्याची भाषा वाईट होती म्हणून तो कोणी वाचला नाही.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर ही वकिली होईल. ह्या गाण्यांत बाईला माणूस मानलेले नाही. शोषणाविरुद्ध ओरडणारे हे तोंड स्वतःच्या वस्तीतील बाईविषयी बोलताना मुकादमाहून वाईट होते. आणि हे गाण्यापुरते राहिले नाही. जानेवारी १९९१ मध्ये डॉ. ड्रे ह्याने डी बार्न्स ह्या दूरचित्रवाणीवरील निवेदिकेला मारहाण केली. त्याने स्त्रियांची जाहीर माफी मागितली ती २०१५ साली. तेव्हा, 'पीडित आहे म्हणून जे म्हणेल ते खरे' हा हिशेब आम्हांला मान्य नाही. वरच्याची लाथ खाऊन ती खालच्याला मारणारा माणूस आम्ही दर कारखान्यात पाहिला आहे.

पैशाचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. अल्बममधील कितीतरी शब्द आइस क्यूबने लिहिलेले. १९८९ संपता संपता तो टोळक्यातून बाहेर पडला, कारण आपल्या वाट्याला आलेले पैसे आणि खपाचे आकडे ह्यांचा मेळ त्याला लागेना. म्हणजे पोलिसाला भर गाण्यात कचेरीत उभा करणारा मुलगा स्वतःच्या मोबदल्यापाशी येऊन अडला. राग कोणाचा, आणि नफा कोणाचा, हा प्रश्न तेथेही सुटला नाही.

आता १९८२ कडे येऊ. त्या वर्षी १८ जानेवारीला मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. साठ-एक गिरण्या, सुमारे अडीच लाख कामगार. आम्ही तेव्हा शाळकरी पोर होतो. परळच्या एका गिरणीत लागलेला आमचा मामा त्या उन्हाळ्यात वळकटी घेऊन गावी आला, 'महिन्याभरात मिटेल' म्हणाला, आणि पुन्हा साच्यावर कधी उभा राहिला नाही. डॉ. दत्ता सामंतांचा तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. तो विरून गेला. पुढे गिरण्यांच्या जागी मॉल आणि मनोरे आले. फायरस्टोन आणि जनरल मोटर्स ज्या दोन-तीन वर्षांत बंद झाले, त्याच वर्षांत लालबाग-परळचे भोंगे थांबले. तिकडे टोळ्या आल्या, इकडेही आल्या. जयंत पवारांच्या 'अधांतर' नाटकात संपात मोडलेल्या घरातला एक मुलगा गुंडगिरीला लागतो. ते नाटक पाहून आलेल्या जुन्या गिरणी कामगारांनी 'हे आमच्याच खोलीतले आहे' म्हणून डोळे पुसलेले आम्ही पाहिले आहेत.

परंतु ह्या भोंग्यांना एके काळी स्वतःचे गाणे होते. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर ह्यांनी लालबावटा कलापथक काढले. वाटेगावचे अण्णाभाऊ शाळेत दीड दिवस गेलेले, मुंबईत गिरणीत राबलेले. अमर शेख बार्शीचे. गिरणीच्या दारात, चाळीच्या चौकात, लाल मैदानावर त्यांचे गाणे झाले की हजारोंची सभा जमे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत मुंबई सरकारने ह्या पथकाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली. तमाशालाही अश्लील म्हणून बंदी झाली. अण्णाभाऊंनी तोच साज 'लोकनाट्य' ह्या नावाखाली पुन्हा उभा केला आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तो गावोगाव वाजला. ज्यांच्या पथकावर बंदी आली, त्या अण्णाभाऊंचे टपाल तिकीट २००२ साली सरकारने काढले, आणि २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला. कंप्टनचा अल्बमही आज अमेरिकन संसदेच्या ग्रंथालयाने जतन करावयाच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत आहे. आधी बंदी, मग तिकीट, हा क्रम दोन्ही देशांत सारखाच दिसतो. मधल्या काळात ज्या माणसांविषयी ते गाणे होते, त्यांचे काय झाले, हे मात्र तिकिटावर छापलेले नसते.

भोंगे बंद झाल्यावर मुंबईत गरिबाच्या पोराचे नवे गाणे कोठून आले? गिरणगावातून नव्हे, तर कुर्ला, अंधेरी, धारावीतून. २०१४ मध्ये कुर्ल्याच्या नेझीने हातातल्या पाटीवजा संगणकावर सारे जमवून 'आफत' हे गाणे काढले. २०१५ मध्ये तो आणि अंधेरीचा डिव्हाइन ह्यांचे 'मेरे गली में' आले. चाळीची, नळावरच्या भांडणाची, चौकीत नेऊन बसवणाऱ्या पोलिसाची ती मुंबई हिंदी. २०१९ च्या फेब्रुवारीत 'गली बॉय' हा चित्रपट निघाला, आणि जी मुले कालपर्यंत नाक्यावरची टवाळ होती, त्यांचा ठेका जाहिरातींत वाजू लागला. त्याच वर्षी डिव्हाइनचा 'कोहिनूर' हा अल्बम नास ह्या अमेरिकन रॅपरच्या कंपनीच्या भारतीय शाखेतर्फे आला. पोरांच्या हाती चार पैसे आले ह्याचा आम्हांला आनंद आहे. पण राग विकला जाऊ लागला की तो गिऱ्हाइकाच्या मापाने शिवला जातो, ही धास्तीही आहे.

त्याच २०१९ सालचे दुसरे उदाहरण आम्हांला अधिक मोलाचे वाटते. 'स्वदेसी' नावाच्या रॅप पथकाने आरे वसाहतीतील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर ह्यांना बरोबर घेऊन वारल्यांच्या जमिनीचे आणि जंगलाचे गाणे केले. ऑक्टोबरमध्ये एका रात्री आरेतील झाडांवर कुऱ्हाडी पडल्या, त्या गाण्याने थांबल्या नाहीत. पण तेथे गाण्यामागे माणसे उभी होती. पाड्यावरची बाई होती, न्यायालयात लढणारे होते, अटक झालेली तरुण मंडळी होती. लालबावट्याची रीत हीच. शाहिराचे गाणे संपले की सभासदत्वाचे पावती पुस्तक उघडावयाचे.

आणि २०२३ च्या मार्च-एप्रिलमध्ये जुनाच क्रम पुन्हा दिसला. राज मुंगसे आणि उमेश खाडे ह्या दोन तरुणांच्या राजकीय मराठी रॅपवरून पोलिसांनी गुन्हे नोंदवले. कोणत्या पक्षाला काय झोंबले ह्यात आम्ही शिरत नाही. उद्या सत्ता बदलली तर झोंबणारे बदलतील. खाडे ह्यांच्या गाण्यात जनता 'भोंगळी' केल्याची तक्रार होती. भोंगळा म्हणजे उघडानागडा. मराठवाड्यात, वऱ्हाडात आजी नातवाला दिवसातून दहा वेळा हा शब्द वापरते. चर्चा मात्र शब्द सभ्य की असभ्य अशी झाली. जनतेच्या अंगावर वस्त्र आहे की नाही, ही चौकशी मागे राहिली.

नाशिकला ह्याचे नवल वाटू नये. आमच्या सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक, १९२२ चा जन्म, मोठेपणी अक्षरे गिरवून लोककवी झाले. गावकुसाबाहेरच्या माणसाच्या तोंडी त्यांनी शब्द दिला. काळाराम मंदिराच्या दारात १९३० साली जो सत्याग्रह उभा राहिला, त्या पिढीच्या मागे जलसे होते, गाणी होती. ती गाणीही सोवळ्या कानांना टोचतच होती. फरक एवढा, की त्या गाण्यांना जाऊन टेकावयास एक चळवळ होती. सातपूरच्या त्या मुलाला टेकावयास काय होते? त्याचे वडील कंत्राटी. आमची युनियन कायम कामगारांची. दर तीन वर्षांनी आम्ही पगारवाढीचा करार केला, पेढे वाटले, आणि त्याच शेडमध्ये, त्याच प्रेसवर, अर्ध्याहून कमी मजुरीत उभ्या असलेल्या माणसाला 'तू आमचा सभासद नाहीस' असे सांगितले. शिवी ठेकेदाराला होती हे खरे. पण ती ऐकताना आम्ही एवढे का चिडलो, ह्याचा विचार केला तेव्हा तिचा थोडा भाग आपल्यापर्यंत पोचत होता, हे कबूल करावे लागले.

आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो. वडिलांची भरपाईची केस नव्याने उभी केली. ती अजून चालू आहे. कार्यकारिणीत दोन महिने भांडून कंत्राटी कामगारांना सभासद करून घेण्याचा ठराव करवून घेतला. त्यावरून जुने दोन सहकारी आमच्याशी बोलेनासे झाले. पुढच्या १ मेला तो मुलगा पुन्हा आला. आम्ही त्याला सांगितले, "आईबहिणीवरून नको, बाळा. तुझी आईही समोर बसली आहे. बाकी ठेकेदाराला काय म्हणायचे ते म्हण." त्याने ती शिवी गाळली. तिच्या जागी त्याने दोन आकडे घातले: वडिलांना त्या महिन्यात हाती मिळालेली मजुरी, आणि कागदावर दाखवलेली मजुरी. सभेत कोणी हसले नाही, कोणी उठले नाही. दुसऱ्या दिवशी कंत्राटी कामगारांच्या एकतीस पावत्या फाटल्या.

त्याने विचारलेला शब्द आम्हांला सापडला नव्हता. तो त्यालाच सापडला. पण त्यासाठी त्याला दुसऱ्यांदा माईक मिळावा लागला. एवढेच सांगण्यासाठी आम्ही हा लांबचा फेरा घेतला.